पोलीस पाच मिनिटांत पोहोचले होते : वॉशिंग्टनमधल्या एका पहाटेचा अभ्यास

फोन केल्यावर पोलीस किती मिनिटांत आले, हा आकडा कुणालाही समजतो. म्हणूनच तो वार्षिक अहवालात असतो, निवडणुकीच्या आश्वासनांत असतो आणि एखादा गुन्हा गाजला की बातमीच्या पहिल्या ओळीत असतो. या लेखातल्या प्रकरणात हा आकडा उत्तम आहे. पहिला फोन सकाळी ६.२३ला, पोलीस घरापाशी ६.२८ला. पाच मिनिटं. कोणत्याही मोठ्या शहराच्या पोलिसांनी अभिमानानं सांगावी अशी ही वेळ. आणि तरीही त्या घरातल्या तीन स्त्रिया पुढचे चौदा तास हल्लेखोरांच्या ताब्यात होत्या.

प्रकरण 'वॉरन विरुद्ध डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया' (म्हणजे अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन) या नावानं ओळखलं जातं. अमेरिकेत त्याचा दाखला बहुतेक वेळा एकाच मुद्द्यासाठी दिला जातो: पोलिसांवर कुणा एका विशिष्ट नागरिकाचं रक्षण करण्याचं सर्वसाधारण कायदेशीर बंधन नाही. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याच्या वादात तर हा दाखला हमखास निघतो. तो मुद्दा पुढे घेतोच, पण निकालपत्राच्या सुरुवातीला घटनाक्रम मिनिटामिनिटानं दिला आहे, तो मला जास्त मोलाचा वाटतो. मदत नेमकी कुठे निसटली, हे त्या मोजक्या ओळींतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा खटला साक्षीपुराव्यापर्यंत गेलाच नाही. तक्रारीत म्हटलेलं सगळं खरं धरलं तरी कायद्यानं दाद मागता येते का, एवढ्याच प्रश्नावर तो निकाली निघाला. त्यामुळे खालचा घटनाक्रम हा न्यायालयानं निकालापुरता ग्राह्य धरलेला घटनाक्रम आहे. पोलिसांची बाजू उलटतपासणीतून पुढे आलेली नाही.

त्या पहाटे काय घडलं

१६ मार्च १९७५, रविवार. शहराच्या वायव्य भागातलं खोल्या भाड्यानं देणारं एक घर. वरच्या मजल्यावर एका खोलीत दोघी राहत होत्या. त्यांच्या खालच्या मजल्यावर तिसरी, आपल्या चार वर्षांच्या मुलीसह. पहाटे मागचं दार फोडल्याच्या आवाजानं सगळ्या जाग्या झाल्या. दोन पुरुष आत शिरले आणि खालच्या मजल्यावरच्या खोलीत घुसून त्यांनी त्या बाईवर अत्याचार सुरू केला. वरच्या दोघींना तिच्या किंकाळ्या ऐकू आल्या.

त्यांपैकी एकीनं पोलिसांना फोन लावला, घरात चोर शिरलेत, ताबडतोब या, असं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं: आवाज करू नका, मदत लगेच पाठवतो. मुख्यालयात या फोनची नोंद ६.२३ला झाली, आणि तीही अचूक झाली: घरफोडी, सध्या चालू.

६.२६ला गस्तीवरच्या गाड्यांना वर्दी गेली. गुन्हा चालू असेल तर वर्दी 'कोड १' म्हणून, म्हणजे सर्वोच्च प्राधान्यानं जायला हवी होती. ती 'कोड २' म्हणून गेली. चार गाड्यांनी प्रतिसाद दिला. तीन या घराकडे निघाल्या, चौथी एका संभाव्य संशयिताच्या शोधात दुसऱ्या पत्त्यावर गेली.

दरम्यान वरच्या दोघी खिडकीतून शेजारच्या छपरावर सरपटत गेल्या आणि तिथे वाट पाहत राहिल्या. तिथून त्यांना घरामागची गल्ली दिसत होती. त्या गल्लीतून एक पोलीस गाडी आली. ती थांबली नाही. आतल्या पोलिसानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं नाही, उतरून मागचं दार पाहिलं नाही. गाडी तशीच घराच्या पुढच्या बाजूला निघून गेली. पुढे दुसऱ्या एका पोलिसानं दार ठोठावलं, आतून काही उत्तर आलं नाही म्हणून तो परतला. ६.३३ला तिन्ही पोलीस निघून गेले. घटनास्थळी ते एकूण पाच मिनिटं होते.

दोघी पुन्हा खोलीत आल्या. खालून किंकाळ्या येतच होत्या. त्यांनी पुन्हा फोन केला, माणसं घरात घुसली आहेत, लगेच या म्हणून सांगितलं. पुन्हा सांगण्यात आलं की मदत निघाली आहे. हा दुसरा फोन ६.४२ला नोंदला गेला, आणि नोंद झाली ती फक्त 'गडबडीची चौकशी' एवढीच. ही वर्दी कुठल्याही गाडीला कधीच दिली गेली नाही.

मदत निघाली आहे या शब्दावर विसंबून, पोलीस आता घरात आले असतील असं समजून, दोघींनी खालच्या मैत्रिणीला हाक मारली. वर आणखी कुणी आहे हे त्या दोघा पुरुषांना त्या हाकेनं कळलं. चाकूचा धाक दाखवून त्यांनी तिघींना एकाच्या घरी नेलं. पुढच्या चौदा तासांत तिथे झालेल्या अत्याचारांचं वर्णन निकालपत्रात आहे. इथे ते पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

शांत राहा

हे प्रकरण वाचणारा जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो: छपरावरून गाडी दिसत होती, तर त्या ओरडल्या का नाहीत? या प्रश्नाचा मला राग येतो, पण तो टाळून चालणार नाही. त्याचं उत्तर पहिल्या फोनच्या नोंदीतच आहे. त्यांना आवाज करू नका असं सांगितलं होतं. सल्ला योग्यच होता. घरात हल्लेखोर असताना लपलेल्या माणसाला कोणीही हेच सांगेल. त्या दोघींनी तो पाळला.

आता तीच शांतता दाराबाहेरून कशी दिसली असेल ते पाहा. ठोठावणाऱ्या पोलिसाला आतून उत्तर मिळालं नाही. रस्त्यावर कुणी धावत आलं नाही. गल्लीतून जाणाऱ्याला कुणी हाक मारली नाही. म्हणजे इथे काही नाही. नियंत्रण कक्षानं जी शांतता पाळायला सांगितली, तीच शांतता पाहून त्याच खात्याची माणसं परत गेली. हा निष्कर्ष माझा आहे, निकालपत्रात तो असा मांडलेला नाही. पण घटनाक्रम शेजारी शेजारी ठेवला की दुसरा अर्थ लावणं मला कठीण जातं. फोन घेणाऱ्याला माहीत होतं की बाई आत लपली आहे आणि तिला गप्प बसायला सांगितलं आहे. दार ठोठावणाऱ्याला हे ठाऊक असतं, तर उत्तर न येणं हेच धोक्याचं लक्षण ठरलं असतं. घरफोडी चालू असलेल्या घराचं दार उघडायला येणार तरी कोण?

मागच्या दाराचंही तसंच. दार फोडल्याच्या आवाजानं त्या जाग्या झाल्या होत्या. ते फोडलेलं दार म्हणजे बाहेरून पाहता येण्याजोगा एकमेव पुरावा होता, आणि एक गाडी त्याच्या जवळून गेली. मागचं प्रवेशद्वार तपासणं, दारं-खिडक्यांपाशी उभं राहून आत हालचाल आहे का याचा अंदाज घेणं, ही अशा वर्दीवरची नेहमीची पद्धत. ती पाळली गेली नाही, हा तक्रारीतला एक मुख्य आरोप होता.

आणखी एक तपशील आज सहज नजरेतून सुटतो. १९७५ साली लोकांच्या हातात मोबाइल नव्हते. छपरावर जायचं म्हणजे फोन मागे ठेवून जायचं. सगळ्यांत मोलाची माहिती त्या दोघींना मिळाली ती नेमकी छपरावर, म्हणजे ज्या वेळी त्यांच्याकडे बोलायला साधनच नव्हतं त्या वेळी. पोलीस आले, थांबले नाहीत, गेले, हे त्यांनी वरून पाहिलं. ते सांगायला परत खोलीत यावं लागलं.

मिनिटं कुठे गेली

प्रतिसादाचा वेळ म्हणून जे मोजलं जातं त्याचे तुकडे करून पाहावे लागतात. फोन उचलेपर्यंतचा वेळ, उचलल्यापासून वर्दी गाडीला जाईपर्यंतचा वेळ, आणि गाडीच्या प्रवासाचा वेळ. काही ठिकाणी आकडा जाहीर करताना फक्त शेवटचा तुकडा धरतात. या प्रकरणात प्रवासाला दोनच मिनिटं लागली, आणि नोंद झाल्यापासून वर्दी सुटेपर्यंत तीन. रस्त्यापेक्षा जास्त वेळ नियंत्रण कक्षात गेला. शिवाय त्या तीन मिनिटांच्या शेवटी वर्दीचा दर्जा एक पायरी खाली आला. योग्य नोंद होऊनही चुकीचा कोड कसा गेला, याचं स्पष्टीकरण निकालपत्रात नाही. पण पुढच्या सगळ्याचा सूर तिथेच ठरला, असं मला वाटतं. 'कोड २' ऐकून निघालेल्या माणसाच्या मनात 'कोड १'ची तयारी नसते.

दुसऱ्या फोनचं तर आणखी वाईट. कुणी पोहोचलंच नाही, म्हणून पोहोचण्याची वेळही नाही. वेळ नाही म्हणून, सरासरी काढताना अशी वर्दी हिशेबात येतच नाही. त्या पहाटेची सरासरी काढली तर ती पाच मिनिटंच येईल. सर्वांत मोठं अपयश आकड्यात उमटत नाही, इतकंच नव्हे, तर ते वगळल्यामुळे आकडा चांगला दिसतो.

दुसरा फोन वेगळ्या नावानं नोंदला जाणं हा मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. एकोणीस मिनिटांपूर्वी त्याच घरातून घरफोडीचा फोन आला होता. नऊ मिनिटांपूर्वी तिथून पोलीस काहीही न सापडता परतले होते. या दोन गोष्टींशेजारी हा दुसरा फोन ठेवला, तर त्याचा अर्थ एकच होतो: पहिल्या वेळी आपल्या नजरेतून सुटलं. पण नोंदी सुट्या राहिल्या की दुसरा फोन नवा, अस्पष्ट आणि कमी महत्त्वाचा वाटतो. त्यातून 'पोलीस नुकतेच जाऊन आले, काही नव्हतं' ही समजूत पक्की असेल तर तो आणखी मागे पडतो. पहिल्या खेपेचं अपयशच दुसऱ्या हाकेविरुद्धचा पुरावा बनतं.

आणि मग ते आश्वासन. मदत निघाली आहे हे वाक्य दुसऱ्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा कुणीही निघालेलं नव्हतं. अशा वाक्याला आपण धीर देण्याची रीत समजतो. या घरात त्या वाक्यानं दोघींचं वागणं बदललं. तोवर त्या लपून होत्या आणि हल्लेखोरांना त्यांचा पत्ता नव्हता. आश्वासन मिळालं नसतं तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. कदाचित त्या पुन्हा छपरावर गेल्या असत्या, कदाचित शेजाऱ्यांना उठवलं असतं. पण धोक्यातला माणूस पुढचं पाऊल टाकतो ते पलीकडून मिळालेल्या माहितीच्या भरवशावर. ती माहिती खोटी असेल तर मदत न येण्यापेक्षाही जास्त नुकसान होतं.

न्यायालय

तिघींनी दावा केला. नियंत्रण कक्षानं पहिला फोन योग्य निकडीनं पुढे पाठवला नाही, आलेल्या पोलिसांनी नेहमीची पद्धत पाळली नाही, दुसरा फोन पुढे गेलाच नाही, असे निष्काळजीपणाचे आरोप होते. कनिष्ठ न्यायालयानं दावा फेटाळला. २१ डिसेंबर १९८१ रोजी डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठानं ४ विरुद्ध ३ अशा मतांनी तो निर्णय कायम ठेवला. तत्त्व असं की पोलीस संरक्षण ही सेवा समाजाला एकत्रितपणे द्यायची असते. तिचं देणं कुणा एका व्यक्तीला लागत नाही, तिच्याशी पोलिसांचं काही विशेष नातं निर्माण झालं असेल तरच लागतं. फोन घेऊन मदत येते असं सांगण्यानं असं नातं निर्माण होत नाही, असं बहुमताला वाटलं.

सगळीकडे असंच ठरलं असं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १९७६ साली एका बाईनं ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करून घरात चोर शिरू पाहतोय असं सांगितलं. पलीकडून लगेच पाठवतो असं उत्तर मिळालं. घराचा क्रमांक चुकीचा लिहिला गेला आणि उपनगरातला फोन शेजारच्या बफेलो शहरातला धरला गेला. पोलीस भलतीकडे गेले, असा पत्ताच नाही म्हणाले, आणि वर्दी तिथेच मिटवली गेली. त्या बाईचा खून झाला. तिच्या गावाला स्वतःचं पोलीस दल होतं, आणि ते जवळच होतं. १९८३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं शहर आणि काउंटी दोघांनाही जबाबदार धरलं. कारण हेच: तुम्ही येतो म्हणालात, ती त्यावर विसंबली. मला हा निकाल अधिक न्याय्य वाटतो. शब्द दिला नसता तर तिनं दुसरा मार्ग शोधला असता, ही गोष्ट त्या न्यायालयानं ओळखली. वॉशिंग्टनच्या पीठातही एका मतानं पारडं फिरलं असतं.

पुढे २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कोलोरॅडोमधल्या कॅसल रॉकच्या खटल्यात ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की, न्यायालयाचा मनाई आदेश हातात असलेल्या व्यक्तीलाही पोलिसांनी तो अमलात आणावाच असा घटनात्मक हक्क मिळत नाही. त्यामुळे भरपाईचा रस्ता तिथे अरुंदच आहे.

वेगाचं महत्त्व

यावरून वेग बिनमहत्त्वाचा, असा अर्थ कुणी काढू नये. हा प्रश्न संशोधकांनीही बराच घोळवला आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल, पिओरिया, रोचेस्टर आणि सॅन डिएगो या चार शहरांत झालेल्या अभ्यासात, नोंदल्या गेलेल्या गंभीर गुन्ह्यांपैकी दर हजारी फक्त २९ प्रकरणांत पोलीस लवकर पोहोचल्यामुळे अटक झाली, असं आढळलं. बहुतेक गुन्हे घडून गेल्यावर कळत होते, आणि कळल्यावरही लोक फोन करायला वेळ लावत होते. हा आकडा पुढे अनेक वर्षं वेगाविरुद्ध वापरला गेला. २०१८मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासानं उलट दाखवलं: पोहोचायचा वेळ १० टक्क्यांनी वाढला तर गुन्ह्याचा छडा लागण्याची शक्यता ४.७ टक्के बिंदूंनी घटते. साक्षीदार तिथेच सापडतात, संशयिताचं नाव ताजं मिळतं. पण दोन्ही अभ्यास अटक आणि तपास मोजतात. घरात लपलेल्या माणसाच्या जिवाला काय झालं, हे त्या मापात नाही.

फोनवर कळलेली माहिती दारापर्यंत न पोहोचण्याचा वॉशिंग्टनमधला दोष पुन्हा दिसला टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेतल्या गोळीबारात, २४ मे २०२२ रोजी. हल्लेखोरामागोमाग अवघ्या काही मिनिटांत पोलीस इमारतीत होते, आणि वर्गाचं दार उघडून आत जायला ७७ मिनिटं लागली. वर्गातली मुलं आतून ९११वर फोन करत होती. आत जिवंत मुलं आहेत ही गोष्ट फोनवर माहीत होती; दाराबाहेरच्या निर्णयात ती उतरली नाही.

फोन करणाऱ्याच्या हातात काय

वॉशिंग्टनच्या त्या बाईनं काही चुकीचं केलं नाही. तिचा फोन अचूक नोंदला गेला, यावरूनच तिनं नीट सांगितलं होतं हे दिसतं. तरी तिच्या अनुभवातून आपण काही शिकून ठेवू शकतो. पत्ता आणि मजला सगळ्यांत आधी सांगावा, कारण फोन कधीही तुटू शकतो. त्यानंतर ते आत्ता आत आहेत, आणि कुठून आले. मागचं दार फोडलंय हे तीन शब्द पोलिसाला कुठे पाहायचं ते सांगतात. मी लपले आहे, दार उघडायला येऊ शकणार नाही, ठोठावल्यावर उत्तर मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगावं आणि पोलिसांना कळवायला सांगावं. शक्य असेल तर फोन चालूच ठेवावा, आवाज बंद करून का होईना. पोलीस खरंच दारात आहेत का, हे अंदाजानं न ठरवता फोनवरच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी, आणि मगच हाक मारावी किंवा बाहेर यावं. पुन्हा फोन करावा लागला तर पहिलं वाक्य हेच असावं: याच घरातून आधी फोन केला होता, तुमची माणसं येऊन गेली, आम्ही अजून आत आहोत.

बोलणंच अशक्य असेल तर काय, याचं उत्तर व्यवस्थेनं द्यायचं असतं. ब्रिटनमध्ये मोबाइलवरून ९९९ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावून गप्प राहणाऱ्याला सूचना ऐकू येते, आणि त्यानं ५५ दाबलं की फोन पोलिसांकडे जोडला जातो. पुढचे प्रश्न खोकून किंवा बटण दाबून उत्तर देता येईल असे विचारले जातात. त्यानं ठिकाण आपोआप कळत नाही, ही मर्यादा आहे. पण शांततेचा अर्थ 'काही नाही' असा धरायचा नाही, हे तिथे नियमातच बसवलं आहे.

पोलीस खात्यांकडून मागायच्या गोष्टी यापेक्षा अवघड नाहीत. एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात आलेले फोन आपोआप एकत्र दिसावेत आणि दुसऱ्या फोननं प्राधान्य वाढावं. गाडी निघाली नसेल तर निघाली म्हणू नये. फोन करणारी व्यक्ती प्रत्यक्ष भेटल्याशिवाय, निदान तिला उलट फोन करून बोलल्याशिवाय, चालू गुन्ह्याची वर्दी बंद करू नये. आणि भेट झाली नाही तर कारण लिहावं. सरासरी मिनिटांचा आकडा जाहीर करणाऱ्या प्रत्येक खात्यानं त्याच पानावर आणखी दोन आकडे छापावेत: किती वर्द्या गाडीपर्यंत पोहोचल्याच नाहीत, आणि किती वर्द्या फोन करणाऱ्याला न भेटता मिटवल्या गेल्या. वॉशिंग्टनच्या त्या घराची पहिली वर्दी दुसऱ्या रकान्यात बसली असती आणि दुसरी पहिल्या.